चार वीसचा डाग

“घड्याळ विकायला काढलंय. तू सांगून ठेवलं होतंस, म्हणून फोन केला,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पारखी अकराला येतोय. तुझ्या बाबांनी तबकडी बदलली खरी, पण तो तपकिरी डाग तरी गेला.”

घड्याळवालीच्या हातातला चिमटा थांबला. सहा वर्षांपूर्वी याच घड्याळाने तिच्या बाबांचा घास घेतला होता. अस्सल तबकडी काढून रंगवलेली बसवली, असा शिक्का पारख्याने त्यांच्यावर मारला आणि डॉक्टरबाईंनी तो घरोघरी सांगितला. गिऱ्हाइकं तुटली, बाबांनी अंथरूण धरलं आणि चोर म्हणूनच गेले. तेव्हापासून ती पारख्यावर दात खाऊन होती. पण डागाबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

साडेदहालाच ती डॉक्टरबाईंच्या दिवाणखान्यात हजर झाली.

“डाग कसला होता?”

“काट्यांच्या आकाराचा. आमचे हे गेल्यावर घड्याळ वीस वर्षं कपाटात पडून होतं. चार वीसवर बंद.”

“बाबांनी साफ करून परत दिलं, तेव्हा होता?”

“होता की! मी बोललेसुद्धा, हा का ठेवलात म्हणून. तर म्हणाले, तो पुसायचा नसतो.”

“मग?”

“भाच्याने पारख्याकडे नेलं. दोन दिवसांनी आलं, ते डागाशिवाय. मला वाटलं, त्यानेच पुसला.”

म्हणजे बाबांची सुटका सहा वर्षं या बाईंच्या जिभेवर होती!

“मी नुसता हमाल,” कोपऱ्यातला भाचा घाईघाईने म्हणाला. “डबीसुद्धा उघडली नाही.”

तिने भिंग डोळ्याला लावलं. तबकडी गुळगुळीत. काटे मात्र जुनेच. मिनिटकाट्यावरचा रंग मध्येच तीळभर उडालेला.

पारखी वेळेवर आला. मनगटावर त्याच जातीचं घड्याळ.

“छान आहे,” ती गोड आवाजात म्हणाली. “तबकडी रंगवून घेतलीत का?”

पारख्याला ते झोंबलं. “अहो, माझ्या वडिलांचं घड्याळ आहे! तबकडी एकदाही निघालेली नाही. हा डाग बघा. अस्सलपणाचा दाखलाच.”

“बघू?”

त्याने कौतुकाने घड्याळ काढून दिलं. तिने त्याचे काटे बाजूला फिरवले. डाग चार वीसचा होता, आणि मिनिटकाट्याची रेघ मध्येच तीळभर तुटलेली. डॉक्टरबाईंच्या घड्याळात चार वीस लावून तिने दोन्ही शेजारी ठेवली.

“जुन्या काट्यांवर अंधारात चमकणारा रंग असायचा,” ती म्हणाली. “घड्याळ वर्षानुवर्षं बंद राहिलं, की तो रंग तबकडीवर काट्यांची सावली भाजतो. रंग जिथे उडालाय, तिथे सावलीही तुटते. तुमच्या काट्यांचा रंग तर सलग आहे. मग यांच्या काट्यांची सावली तुमच्या तबकडीवर कशी?”

“भाच्याने... भाच्यानेच बदलली असेल!”

“मग ती तुमच्या घड्याळात कशी आली? एकदाही निघाली नाही, असं आत्ताच म्हणालात. रंगवलेली तबकडी तुमची होती. ती यांना चिकटवलीत, यांची घेतलीत आणि बोट बाबांकडे दाखवलंत. डाग पुसला असतात, तर सुटला असतात. पण पुसला की किंमत उतरते. पारख्याचा हात धजावला नाही.”

पारख्याने हात जोडले. “पोरी, चाळीस वर्षांचं नाव आहे माझं. या वयात तोंड कुठे दाखवू?”

“बाबाही याच वयाचे होते,” ती म्हणाली. मग भाच्याकडे वळली. “पोलिसांना फोन लाव.”

डॉक्टरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. घड्याळवालीला तिळमात्र दया आली नाही.

“रडणं नंतर. ज्या ज्या घरी बाबांना चोर म्हणालात, त्या प्रत्येक घरी आज माझ्याबरोबर यायचं. आणि बोलायचं तुम्ही.”

डॉक्टरबाई चपला शोधू लागल्या.