उरलेली अकरा रोपं

चहा पिऊन प्रयोगशाळेत परतत होते, तर माती-तपासणीच्या खिडकीशी एकजण भांगेच्या पानांची पाकिटं घेऊन ताटकळत उभा.

"अहो, इथे माती तपासतात. पानं माझ्याकडे."

"मग आधीच भेटायचंत ना!" तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

त्याच्या ताईला फिट्स यायच्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या तेलासाठी त्यानं परवाना काढून चाळीस रोपं लावली होती. भांगेची रोपं दिसायला सारखीच. पण काहींत नशा आणणारं टीएचसी जास्त, काहींत औषधी सीबीडी, काहींत दोन्हींची मिसळ. पान यंत्रात घातल्याशिवाय कळत नाही. औषधी तेवढी ठेवायची, बाकीची जाळायची.

दर सोमवारी तो पाचच पाकिटं आणायचा.

"सगळी एकदम आणलीत तरी चालेल."

"चालेल... पण मग पुढच्या सोमवारी काय सांगून येऊ?"

मी मान खाली घालून नोंद केली.

"माझं पान तपासलंत तर काय निघेल हो?"

"आगाऊपणा. भरपूर!"

अहवाल मात्र वाईटच येत होते. 'नष्ट करा' असा शिक्का मारताना माझाच हात जड व्हायचा. एकदा न राहवून म्हटलं, "ह्यातलं टीएचसी मर्यादेच्या जेमतेम वर आहे... सोडू का?"

"नको. ताईच्या पोटात जायचंय ते."

त्या दिवशी मी त्याच्या प्रेमात पडले.

शेवटी अकरा उरली. शेवटचा अहवाल न्यायला मात्र तो आला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. त्यानंतर आला तो रिकाम्या हातांनी, दाढी वाढलेली.

"ताई गेली. आंघोळ करताना फिट आली... दार आतून बंद होतं."

मी बाहेर येऊन बाकावर त्याच्याशेजारी बसले.

"रोपं उपटायला गेलो होतो, पण हात धजेना." मग म्हणाला, "तिला सगळं ठाऊक होतं. म्हणायची, पाकीट द्यायला जाताना एवढा भांग पाडून कोण जातं रे?"

मला हसू फुटलं, आणि त्याच हसण्यात रडू.

"मला भेटायचं होतं त्यांना."

"तुम्हाला घेऊन येतो म्हणालो होतो मी तिला..."

मी त्याचा हात धरला. "सोमवारची वाट बघायची सवय लागलीय मला. घरी कोण आहे आता?"

"आई. बोलत नाही कुणाशी."

"नाही बोलल्या तरी चालेल. मी नुसती जवळ बसेन."

मी खिडकी बंद केली आणि त्याच्याबरोबर निघाले.