दिवाळीआधीचं शेण

"कापड रंगवायच्या कारखान्याला शेण कशाला लागतं?" निलेशने सायकलला ब्रेक लावत विचारलं.

खडोलीच्या कारखान्याच्या फाटकातून शेणाने भरलेला टेम्पो आत चालला होता. वर गुळाच्या ढेपीही होत्या. सिल्वासाहून शर्यत लावून आलेले निलेश आणि त्याची ताई अमृता शर्यत विसरून हसत बघत राहिले. दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस होते.

सोनी तिथेच उभी होती. ती अमृताच्या वर्गातली, कारखान्यामागच्या चाळीत राहणारी. तिला मात्र हसू आलं नाही.

"जिवाणूंसाठी," ती म्हणाली. "आबांच्या टाकीतले मेले ना सगळे."

सोनीचे आबा, नवनाथ, धुळ्याकडचे. कारखान्याचं रंगीत पाणी ज्या टाकीत साफ व्हायचं, तिथलं हवेचं यंत्र ते चालवत. टाकीतले जिवाणू पाण्यातली घाण खातात. त्यांना सतत हवा फुंकावी लागते, नाहीतर ते गुदमरून मरतात. शेणातून नवे जिवाणू मिळतात आणि गूळ हा त्यांचा खाऊ. हे सगळं सोनीने सांगितलं.

"म्हणजे आता टाकी बरी होणार?"

"लगेच नई होत. आठवडे जातात. पण उद्या तुमचे बाबा तपासायला येणार ना, टाकी भरलेली दिसायला पायजे."

अमृताला ते झोंबलं. तिचे बाबा, रमाकांत, सांडपाणी तपासणारे सरकारी अधिकारी. जाण्याआधी फोन करून कळवायची त्यांची पद्धत होती. अचानक गेलं तर लोकांची धांदल उडते, असं ते म्हणत. ऐनवेळी चहा-बिस्किटं मिळत नाहीत, हे निलेशचं म्हणणं.

कारखाना सुट्टीनंतर पुन्हा सुरू झाल्यापासून पुढचा नाला काळा पडला होता. सडक्या अंड्यांचा वास येत होता. ते पाणी पिऊन जवळच्या रांधा गावातल्या कोंडाबाईची एक म्हैस मेली, तेव्हापासून सगळे नवनाथच्या नावाने बोटं मोडत होते. कारण मॅनेजर सुधाकरशेठनी सांगून टाकलं होतं, की कारखान्याच्या सुट्टीत नवनाथ झोपला आणि यंत्र बंद राहिलं. उद्या तपासणी झाली की त्याला हाकलणार.

"आबा झोपले नई," सोनी म्हणाली. "शेठच बोलले, फॅक्टरी बंद तर हवा कोणाला खिलवायची? लाइटबिल वाचव. पण तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. आमचं कोण ऐकतो?"

"शेण कोणाचं आहे?" अमृताने एकदम विचारलं.

शेण कोंडाबाईचंच होतं.

"माझी म्हैस मारली आणि माझंच शेण नेलं," कोंडाबाई गोठ्यात कडवटपणे म्हणाली. "दिवाळीच्या आधीच शेठचा निरोप आलेला. शेण राखून ठेव, सुट्टी संपली का लागेल."

अमृता ताडकन उठली. "सुट्टीआधी जिवाणू जिवंत होते. मग शेण लागणार हे शेठना आधीच कसं कळलं?"

दुसऱ्या दिवशी दोघं हट्टाने बाबांच्या जीपमध्ये बसली. कारखान्यात चहा तयार होता. टेबलावर टाकीतल्या पाण्याची म्हणून काचेची बरणी मांडली होती. तळाशी गाळ, वर नितळ पाणी, म्हणजे जिवाणू धडधाकट. रमाकांत खूश झाले. निलेश सोनीबरोबर हळूच टाकीकडे सटकला आणि बाटली भरून आला. ती बरणीशेजारी ठेवून तो बिस्किटं खात बसला. चहा संपला, गप्पा झाल्या, तरी बाटलीतलं पाणी गढूळच. वर शेणातल्या गवताच्या काड्या तरंगत होत्या.

"बाबा, दोन्ही पाणी एकाच टाकीतलं आहे?" निलेशने विचारलं.

रमाकांतांचा चेहरा उतरला. सुधाकरशेठ घाईने म्हणाले, "ही सगळी त्या नवनाथची करणी, साहेब."

"मग शेण दिवाळीआधीच का सांगून ठेवलंत, काका?" अमृता म्हणाली. " कोंडाबाई फाटकावर उभी आहे. तिला विचारू?"

शेठ बरणी उचलून आत ठेवायला वळले.

टाकी सुधारेपर्यंत कारखाना बंद ठेवायचा हुकूम निघाला. सुधाकरशेठची बदली झाली. "मोठ्यांना दिसलं नाही ते पोरांनी दाखवलं, शाब्बास!" म्हणत रमाकांतांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. शाळेत टाळ्यांच्या कडकडाटात तीन कंपासपेट्या जाहीर झाल्या.

घ्यायला दोघंच होती. कारखाना बंद झाल्यावर कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराने सगळ्यात आधी नवनाथला घरी बसवलं. दोष नव्हता, फक्त काम नव्हतं. चाळीतल्यांची रोजी बुडाली, म्हणून बायका सोनीला नळावर भांडं लावू देईनात. एक दिवस ती माणसं धुळ्याला निघून गेली. सोनीची कंपासपेटी अमृताच्या कपाटात राहिली.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर कोंडाबाई दूध घालायला आली. माप ओतता ओतता ती म्हणाली, "नव्या शेठचा निरोप आलाय, पोरी. शेण राखून ठेव म्हणतात."

अमृता आत धावली. बाबा फोनवर बोलत होते.

"हो, सुट्टी संपली की येतोच. म्हटलं, आधी कळवून ठेवावं."