धुऱ्यावरची पाचवी

“काय हो बाई, इथल्या मास्तरीणबाई कुठं पळाल्या?”

विजयमालेनं मान वर केली. शेताच्या बांधाशी, धुऱ्यावर, एक सायकल, तिच्या दांड्याला फुगलेली पिशवी, अन् सायकलमागं घामाघूम झालेला एक उंचेला तरुण. तिच्या स्वतःच्या कमरेला कापसाची ओटी, डोक्यावर पदर, बोटं बोंडांनी ओरबाडलेली... ही मास्तरीण आहे असं त्या बिचाऱ्याला वाटावं तरी कसं!

“पळायला काय झालं त्यांना? वाघ लागला का पाठीशी?” ती म्हणाली.

“भर दुपारी शाळेला कुलूप आहे म्हणून विचारलं.”

विजयमाला काही बोलणार, तेवढ्यात शेताची मालकीण शकुबाई मधे घुसली. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी अन् तोंडी लग्न न झालेल्या मास्तरणीची चौकशी... शकुबाईनं काय ओळखायचं ते ओळखलं.

“कुठले बाप्पा तुमी?”

“लोधीखेड्याचा.”

“घरी काय हाये?”

“संत्र्याचा बगीचा.”

“भाऊ किती? एकात का वायले?”

“दोघं आहोत. एकातच.” खेड्यातली माणसं फारच चौकस, असं त्याच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलं होतं.

“व्यसन?”

“चहा,” तो घाबरून म्हणाला. “म्हणजे... जरा जास्त.”

“शिक्शन?”

“नागपूरला, शेतकीचं.”

“मंग जमते!” शकुबाईनं टाळी वाजवली. “पोरगी दूर कायले धुंडता, जवाईबापू? हे काय तुमच्या समोर उभी!”

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं कुठं पाहावं? त्यानं आधी सायकलकडं पाहिलं, मग आभाळाकडं, आणि शेवटी विजयमालेकडं. तिनं पदर तोंडाशी धरला होता, पण डोळे काही केल्या ऐकेनात.

“अहो, मी शाळा तपासायला आलो! तालुक्याच्या जनपद सभेच्या शिक्षण समितीचा मेंबर आहे मी. प्रभाकर म्हणतात मला.”

विजयमालेचं हसू जागच्या जागी विरलं. समिती! तिनं पाठ ताठ केली आणि दोनदा टाळी वाजवली. पऱ्हाटीच्या ओळींतून एकेक डोकं वर आलं. झिपरी, वेणीची, फडकं बांधलेली. पोरींनी ओट्या सोडल्या, धुऱ्यावरच्या हिवराच्या झाडाखाली ठेवलेल्या पाट्या उचलल्या आणि रांगेत बसल्या.

“पाचवी हजर आहे, साहेब. तपासा,” ती म्हणाली.

त्याचं असं होतं. आमच्या भागात वेचणीच्या आरंभी कपाशीला दहीभात दाखवतात, सीतादही म्हणतात त्याला. ती पूजा झाली की घरची पोरगी शेतात, मग शाळेत उरतात भिंती. त्यात छप्पन सालची राज्यांची नवी वाटणी नुकतीच झालेली, अन् वरून नियम आला होता – अर्ध्याहून कमी भरणारा वर्ग मोडायचा अन् तिगावच्या मुलांच्या शाळेत मिळवायचा. आता इथून तिगावला वयात येणारी पोरगी धाडणारा बाप कोण? वर्ग मोडला की पोरींचं शिकणं संपलं, इतकी साधी गोष्ट. म्हणून पांढुर्ण्याच्या या मास्तरणीनं वर्गच उचलून शेतात आणला होता. सकाळी पोरींबरोबर वेचणी, उन्हं चढली की हिवराखाली पाचवी. अन् तिचा एकच कायदा होता. जे विचारायचं, जे सांगायचं, ते उभं राहून, खणखणीत आवाजात! घरात तोंड खाली घालून बोलणाऱ्या पोरी इथं अशा बोलत की शेजारच्या शेतातले बैल कान टवकारत.

प्रभाकरनं तपासलं. वाचन घेतलं, गणितं घातली. परत निघताना त्यानं पिशवीतली संत्री वाटली आणि शेवटचं एक विजयमालेपुढं धरलं.

“नको.”

“गोड आहे. घरच्या बगीच्यातलं.”

“समितीच्या मेंबराचं संत्रं खाल्लं, अन् उद्या वर्ग टिकला, तर लोक काय म्हणतील? निकाल लागू द्या. मग खाईन.”

“तोवर सुकेल ना हो!”

“तर मग निकाल लवकर लावा!”

कान लाल झालेला तो गेला खरा, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. म्हणे, गणित नीट तपासायचं राहिलं. मग भूगोल राहिला. मग सायकलच पंक्चर झाली, तीही नेमकी याच शेतापाशी! दर वेळी जाताना एक संत्रं हिवराच्या बुंध्याशी ठेवून जाई. शकुबाई गालात हसून म्हणाली, “समिती लय काम करून राहिली वो औंदा.” विजयमाला वरवर रागावली. पण दुपार झाली की वाटेकडं तिचे डोळे आपसूक जात... आणि सायकलची घंटा ऐकली की हातातला खडू उगाच मोडे.

एकदा पोरी पाणी प्यायला विहिरीवर गेल्या, तेव्हा त्यानं विचारलं. खाली पाहत, पुटपुटत, कसंबसं विचारलं – “माझ्याशी... म्हणजे तुमची हरकत नसेल तर... बापूजींना येऊन भेटू का?”

बापूजी म्हणजे तिचे वडील. ते नाही म्हणणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. हो म्हणायला फक्त तोंड उघडायचं बाकी होतं. पण ती म्हणाली, “नाही.”

“मी आवडत नाही?”

“आवडता. म्हणूनच नाही.” तिनं मान खाली घातली नाही. “वर्गाचं मत द्यायला तुम्ही बसणार. मी आज हो म्हटलं, तर उद्या गावोगाव बोलतील, मास्तरणीनं मेंबर गटवला अन् वर्ग वाचवला. माझ्या पोरींनी उन्हात बसून मिळवलेलं ते, प्रभाकरराव. मी ते माझ्या नावावर कसं करू?”

त्यानं सायकल वळवली. संत्रं मात्र नेहमीसारखं हिवराच्या बुंध्याशी ठेवून गेला.

समिती आली ती बैलगाडीतून. पुढं अध्यक्ष पुंडलिकराव, मिशा पांढऱ्याशुभ्र, कपाळाला आठी. पाठोपाठ बाकीचे सभासद, शेवटी प्रभाकर. गावातल्या बाया वेचणी टाकून धुऱ्यावर जमल्या.

“शेतात शाळा? हा काय पोरखेळ लावला?” पुंडलिकराव गरजले.

तेव्हा प्रभाकर पुढं आला. “अध्यक्षसाहेब, आधी एक सांगतो. या ठरावात माझं मत धरू नका. मी या बाईंना लग्नाची मागणी घातली आहे.”

खाली बसलेल्या बाया ताडकन उठल्याच. विजयमालेच्या हातातला खडू मोडला.

“अन् त्या काय म्हणाल्या?” पुंडलिकरावांची आठी आणखी खोल गेली.

“नाही म्हणाल्या. वर्ग पोरींनी मिळवावा, माझ्यामुळं मिळाला असं कोणी म्हणू नये म्हणून. आता तुम्हीच विचारा त्यांना. मी त्या बाजूला उभा राहतो.”

आणि तो खरंच जाऊन बायांमधे उभा राहिला. चारचौघांत आपल्याला मिळालेला नकार आपल्याच तोंडानं सांगायला केवढी हिंमत लागते! विजयमालेला वाटलं, या माणसाला आपण कमी ओळखलं.

पुंडलिकरावांनी धुऱ्याकडं पाहिलं. भुसभुशीत मातीत काडीनं एक मोठा नकाशा काढलेला होता, त्यावर जागोजागी कापसाची बोंडं ठेवलेली.

“हे काय?”

शकुबाईची गिरजा ताडकन उठली. “नवा मध्यप्रदेश! छापील नकाशा अजून आला नाई, म्हनून आमीच काढला. हे भोपाळ, आता राजधानी तिथं. हे जबलपूर. हे काठावर आपलं पांढुर्णा, हे सौंसर.”

“अन् नागपूर?”

“रेषेच्या पल्याड. मुंबई राज्यात गेलं. पन रेषा सरकली, रूळ नाई सरकले. माही मावशी परवा त्याच गाडीनं आली!”

बाया हसल्या. पुंडलिकराव हसले नाहीत. “पढवलेला पोपट तर नाही ना?” असं म्हणत त्यांनी जोड्यानं सगळा नकाशा पुसून टाकला, आणि मागं दडून बसलेल्या सगळ्यात लहान पोरीकडं बोट दाखवलं. “तू. पुन्हा काढ.”

ती होती रामाजीची बेबी. सहा महिन्यांत ती कुणापुढं चार शब्द बोलली नव्हती. सगळी पाचवी आता त्या चिमुकल्या हातात होती, आणि विजयमालेला एका शब्दानं मदत करता येत नव्हती. बेबीनं काडी घेतली. नाक ओढलं. हळूहळू रेषा काढली, भोपाळ ठेवलं, जबलपूर ठेवलं, रेल्वेही ओढली. मग सगळ्यात मोठं टपोरं बोंड उचलून तिनं पांढुर्ण्याच्या शेजारी ठेवलं. ते भोपाळपेक्षाही मोठं होतं.

“हे कोणतं शहर?” पुंडलिकरावांनी विचारलं.

“आपलं गाव,” बेबी पुटपुटली.

“इतकं मोठं?”

बेबीनं विजयमालेकडं पाहिलं. मग उभी राहिली, हात मागं बांधले, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “माहं गाव हाये, साहेब. मोठंच काढीन!”

मग पुंडलिकरावांच्या पांढऱ्या मिशा थरथरल्या आणि ते असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. शकुबाई पदरानं डोळे पुसत होती. विजयमालेला तर बेबी नीट दिसेनाशी झाली, सगळं धूसर धूसर! तिच्या पोरी! अभिमानानं छाती भरून येते म्हणतात ना, ते तिला आज कळलं.

सभासदांनी तिथंच धुऱ्यावर हात वर केले. पाचवी राहील. आणि पुढच्या सालापासून या गावांना मोठी सुटी मिळेल ती वेचणीच्या दिवसांत. तशी योजना समिती स्वतः जिल्ह्याला पाठवेल.

“बाई,” पुंडलिकराव गाडीकडं वळता वळता म्हणाले, “आमच्या मेंबराचं मत आम्ही मोजलं नाही हो. गावोगाव सांगा.”

“थांबा,” विजयमाला म्हणाली. “एक राहिलंय.”

ती चालत बायांच्या घोळक्यापाशी गेली. प्रभाकर पाहतच राहिला.

“त्या दिवशी काहीतरी विचारलं होतं तुम्ही. मला नीट ऐकू आलं नाही.”

“इथं? सगळ्यांसमोर...?”

“माझ्या वर्गाचा कायदा माहीत आहे ना?”

“उभं राहून!” गिरजा ओरडली. “खणखणीत!” सगळी पाचवी ओरडली, आणि त्यात बेबीचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

प्रभाकर तर उभाच होता. त्यानं सदरा सारखा केला, घसा खाकरला, हात मागं बांधले आणि विचारलं, “विजयमालाबाई, माझ्याशी लग्न कराल का?”

शेजारच्या शेतातल्या बैलांनी कान टवकारले.

“करीन!” तीही खणखणीत म्हणाली, आणि मग सगळ्या गावादेखत तिनं हात पुढं केला. “आणा आता. कुठं आहे माझं संत्रं?”