मंगळवारी बिघडणारा बॉयलर

माझं गणित चुकलं, आणि ते बॉयलरच्या मागून कुणीतरी दुरुस्त केलं.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. पहाटे पाचपासून डायलिसिस सेंटरच्या काउंटरवर उभी राहून माझे पाय भरून आले होते, आणि आता संध्याकाळी सहाला माउंट हर्मन चर्चच्या तळघरात मी अकरा पोरापोरींना पैशाचे धडे देत होते. प्रार्थना उरकली होती. बॉयलर बंद पडल्यामुळे कुणीच जॅकेट काढलं नव्हतं. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात माझा पहिला नियम होता, दर मंगळवारी लिहायचे मी तो... दुसऱ्याच्या कर्जाला हात लावायचा नाही.

"पगार होईपर्यंत म्हणून तीनशे डॉलर उचलले," मी म्हणाले. "दर दोन आठवड्यांनी पंचेचाळीस नुसतं व्याज. मुद्दल जागच्या जागी. वर्षाचे किती झाले? बारा गुणिले पंचेचाळीस... पाचशे चाळीस."

"सव्वीस वेळा, बाई," भिंतीपलीकडून आवाज आला. "दोन आठवड्यांनी म्हणालात ना? अकराशे सत्तर."

पोरं खिदळली. बॉयलरच्या खोलीचं दार उघडलं आणि हातात पाना घेतलेला एक उंच माणूस बाहेर आला. गालावर काजळी आणि डोळ्यांत हसू.

"तुम्हाला बरं माहीत!" मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले.

"भरलेत," तो म्हणाला. "अठराव्या वर्षी. तेव्हा हा वर्ग नव्हता."

त्यानंतर मला फळ्यावर काय लिहायचं तेच आठवेना. पहिल्या रांगेतली ब्रिया, सतरा वर्षांची आगाऊ कार्टी, डोळे मिचकावून म्हणाली, "मिस व्हिना, बॉयलर अजून बंदच आहे. मग तुम्हाला कसलं उकडतंय?"

त्याचं नाव कॉर्डेल टिल्मन. त्याची आई, सिस्टर युला, आमच्या अशर मंडळाची, म्हणजे प्रार्थनेला आलेल्यांना बाकापर्यंत नेऊन बसवणाऱ्यांची, प्रमुख. रविवारी पांढरे हातमोजे घालून दारात उभी राहणारी. हा मात्र चर्चला फारसा फिरकत नसे, बॉयलर दुरुस्तीच्या कंपनीत रविवारीही कामाला असायचा.

पुढच्या मंगळवारी बॉयलर पुन्हा बिघडला. त्याच्या पुढच्याही.

"बुधवारी, गुरुवारी अगदी नीट चालतो म्हणे," मी एकदा विचारलंच.

"भक्त आहे तुमचा," तो पाना पुसत म्हणाला. "तुम्ही आलात की त्याचं कामात लक्ष लागत नाही."

"त्याला सांगा, बाई फार दमलेल्या असतात. त्यांना उसाभर झेपत नाही."

"सांगितलं. तो म्हणाला... मग बाईंना बसस्टॉपपर्यंत सोडायला कुणीतरी हवं."

असं सुरू झालं ते. चिखल झालेल्या बर्फातून आम्ही चालायचो. कोपऱ्यावरच्या दुकानातून तो तळलेला मासा घ्यायचा, पांढऱ्या ब्रेडमध्ये, वर तिखट सॉस, आणि मोठा तुकडा मला द्यायचा. बस उशिरा आली की बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदाच बाल्टिमोरच्या बसला मी शिव्या दिल्या नाहीत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

त्याला स्वतःची व्हॅन घ्यायची होती. स्वतःचं काम, दारावर स्वतःचं नाव. "तुझ्या वर्गातल्या पोरांना घेईन हाताखाली," म्हणायचा. "पण बँक आधी माझी पत बघणार. ती बघायची भीतीच वाटते गं."

सहाव्या आठवड्यात आमच्याकडे प्रत्येकजण स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद, काढतो. पोरं गेल्यावर त्यानं खुर्ची ओढली. "काढ माझा. तू शेजारी असलीस की भीती कमी वाटेल."

मी काढला, आणि मला बघताक्षणीच कळलं. आईबापांनी पोराच्या नावावर खाती उघडणं आमच्या वस्तीत नवीन नाही. गॅसचं खातं त्याच्या नावावर, विजेचं त्याच्या नावावर, फर्निचरच्या दुकानाचं कार्डही त्याच्याच नावावर. दोन वर्षांपूर्वी सगळं थकलेलं. सहा हजार चारशे ऐंशी डॉलर. गॅसचं खातं उघडलं तेव्हा कॉर्डेल नऊ वर्षांचा होता.

त्यानं त्या तारखेवर बोट ठेवलं. मग हसला. "म्हणजे नऊ वर्षांचा असल्यापासून मी घरं तापवतोय."

"कॉर्डेल..."

"त्या हिवाळ्यात बाप निघून गेला होता. मम्माच्या नावावर कुणी गॅस देईना. कुडकुडत होतो गं आम्ही. मग एक दिवस घर अचानक गरम झालं. मला वाटलं, देवानं ऐकलं."

वर, आमच्या डोक्यावर, अशर मंडळाचा सराव चालू होता. एक-दोन, एक-दोन, पावलं वाजत होती. त्यात सिस्टर युलाचीही होती.

मी टेबलाच्या खणातून फॉर्म काढला. दर वर्षी दोघा-तिघांना तरी लागतो. "हे कर्ज तुझं नाही. पोलिसांत लिहून दे, तुझ्या नावावर दुसऱ्यानं खाती उघडली म्हणून. मग नाव साफ होतं."

"दुसऱ्यानं म्हणजे कुणी? नाव घालावं लागतं?"

"लागतं."

त्यानं वर छताकडे पाहिलं. "तू दिलं असतंस का?"

हा प्रश्न मला आजवर एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. "मी दिलंय," मी म्हणाले. "बाविसाव्या वर्षी. डॅडींच्या विरुद्ध, असल्याच खात्यांसाठी. त्यांचं चर्चमधलं डीकनपद गेलं. सहा वर्षं झाली, तिसऱ्या बाकावर त्यांची पाठ दिसते मला. वळून बघत नाहीत. म्हणून मी शेवटच्या बाकावर बसते, दाराजवळ. माझी पत साडेआठशेपैकी सातशे ऐंशी आहे, कॉर्डेल. सगळ्या चर्चमध्ये एवढी कुणाची नाही. आणि घरी जेवायला मी एकटीच असते."

बोलून टाकलं आणि इतकी दमले, की खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

"मग मला काय सांगतेस?" त्यानं हळूच विचारलं.

"बाई म्हणून सांगते... लिहून दे. आणि मी म्हणून..." त्यानं फॉर्मची घडी केली, खिशात घातली आणि निघून गेला. त्या दिवशी बसस्टॉपपर्यंत मी एकटीच चालले.

पुढच्या मंगळवारी बॉयलर ठणठणीत होता. तळघर इतकं ऊबदार, की पोरं पेंगली. ब्रियानं एकदाही थट्टा केली नाही, म्हणजे माझं तोंड कसं झालं असेल बघा. मला खात्रीच पटली होती. त्यानं लिहून दिलं असेल तर आईला मुकेल, आणि ते मीच शिकवलेलं. नसेल दिलं तर व्हॅन गेली. दोन्हीकडून तो मला का भेटेल?

रविवारी मी उशिरानंच पोचले. गाणं सुरू झालं होतं. नेहमीसारखी शेवटच्या बाकाकडे वळले, तर एक पांढरा हातमोजा आडवा आला.

सिस्टर युला. एक हात पाठीमागे, दुसरा पुढे, सरळ मधल्या वाटेकडे. अशर बोलत नाहीत, फक्त हात दाखवतात, आणि त्या हाताला आमच्यात कुणी नाही म्हणत नाही. पास्टरसुद्धा नाही. मी तिच्यामागून चालू लागले.

अर्ध्या वाटेत तिनं नियम मोडला. पुढे बघत, ओठ न हलवता पुटपुटली, "मी म्हटलं त्याला, लिहून दे, तुझा हक्क आहे. फॉर्म फाडला त्यानं. माझं ऐकत नाही. तू बघ आता."

चौथ्या बाकापाशी तिचा हात थांबला. आत कॉर्डेल बसला होता, कोट घालून, गालावर काजळी नाही. पुढच्या बाकावर डॅडींची पाठ. त्यांनी मागे पाहिलं नाही. तिथं बसायला मला फार जड गेलं, पण बसले.

कॉर्डेलनं दानाचं पाकीट माझ्या मांडीवर सरकवलं. त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडे होते. मम्मा शंभर. मी ऐंशी. महिन्याला एकशे ऐंशी, छत्तीस महिने.

"तोवर व्हॅन नाही," तो कुजबुजला. "मम्मा निम्म्याहून जास्त भरणार, तिनं स्वतः सांगितलं. पण तीन वर्षं म्हणजे... फार होतात गं. तुला थांब म्हणायला तोंड नाही मला. तरी म्हणतोय. मला तू हवी आहेस, व्हिना."

गाणं चढत होतं. लोक उभे राहिले, आम्ही दोघं बसूनच. सहा वर्षांचा शीण माझ्या डोळ्यांवाटे वाहायला लागला, आणि मी तो पुसलाही नाही. हात पुढे केला.

"पेन्सिल दे."

"कशाला?"

मम्मा शंभर, मी ऐंशी, त्याखाली मी लिहिलं... व्हिना, नव्वद.

"अगं, पण तुझा पहिला नियम—" तो म्हणाला.

"माहीत आहे. फळ्यावर मीच लिहिते." छत्तीसवर काट मारून मी पाकीट त्याच्या हातात दिलं. "गणित चुकलं तुमचं, टिल्मन. चोवीस महिने."