शिबिराला शेळ्याच आल्या न्हाईत

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. म्हणलं शेळ्या, बर्फ, सतरंज्या... ह्यात प्रेम कुठंय? कोण वाचणार? पण महांतप्पा मागंच लागला. "विरू, लिही. माझा मांडव त्या दिवशी रिकामा का राहिला, लोकांना कळू दे." महांतप्पा माझा दोस्त. जळकोटला मंडप अन् भोंग्याचा धंदा हाय त्याचा.

तर...

जळकोटच्या स्टँडवर पहिल्यांदा दिसली. बारीक भुरभुर चालू व्हती. हिरवी ओढणी, मांडीवर थर्माकोलचा डबा, दोन्ही हातांनी असा कवटाळलेला, जसं काय लेकरूच. मला वाटलं कुल्फीवाली.

"कुल्फी कशी दिली?"

तिनं वर बघितलं. पापण्यांवर थेंब.

"शेळ्यांची लस हाय. टोचू का?"

"...नको."

"मग संस्थेचं ऑफिस कुठंय, तेवढं सांगा."

मी त्याच संस्थेत कामाला!

संस्थेत काम म्हणजे काय, सांगतो. सोयरीक बघायला गेलं की पोरीचा बाप विचारतो, "संस्था म्हणजे... पगार देतेत का?" गावात गेलं की म्हाताऱ्या विचारतेत, "आज काय वाटणार?" पण सगळ्यात बेकार वेगळंच. संस्थेत सगळ्यांनी सगळ्यांना ताई-दादा म्हणायचं. नियमच हाय. प्रमुख पण ताई, ड्रायव्हर पण दादा.

म्हणजे ती डब्यावाली, भुवनेश्वरी, संस्थेत कामाला लागली, त्याच दिवशी माझी ताई झाली.

लई वाईट, राव. गाडीवर मागं बसायची. वाऱ्यानं ओढणी माझ्या खांद्यावर यायची... अन् कानात काय? "दादा, खड्डा!"

"मला दादा नका ना म्हणू."

"मग काय म्हणू, दादा?"

अन् हसायची. आरशात तिच्या एकाच गालावर खळी दिसायची. मग मी गाडी खड्ड्यातच घालायचो.

पण तिला एक घोर व्हता. शेळ्यांचं काम संस्थेत नवीन. आधीच्या गावात एक बी बाई शेळी घेऊन आली नव्हती. आमच्या प्रमुख मंजुषाताई स्पष्ट म्हणल्या, "आता पुढच्या वस्तीवर लस झाली तर काम चालू. न्हायतर बंद. मग भुवनेश्वरीताई, तुम्हाला घरी जावं लागंल."

घर उमरग्याच्या पलीकडं. तिथं तिचे वडील वाटच बघत व्हते. पोरीच्या जातीनं शेळ्यांमागं काय फिरायचं, म्हणून.

त्या वस्तीवरच्या लसीच्या शिबिराच्या दिवशी मी सगळी तयारी केली. मांडव, भोंगा, बॅनर, सतरंज्या, स्वागताला हळदीकुंकवाचं ताट. अकरा वाजता बायका आल्या. झाडून सगळ्या! ठेवणीतल्या साड्या, डोक्यात गजरे. ओळीनं बसल्या. नागूबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यात दरारा असलेली म्हातारी. ती तर उभी राहून स्वतःची ओळख पण सांगायला लागली.

शेळी एक न्हाय.

"मावशी... शेळ्या कुठंयत?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"त्या गेल्या की माळावर. चरायला."

"अय्यो! शिबिर शेळ्यांचं हाय!"

"व्हय? तुमच्या शिबिराला दरवेळी आमीच येतो की. बसतो, गाणं म्हणतो, च्या पितो, फोटू काढतो. शेळ्यांना कशाला फोटू?"

महांतप्पा माईकवरच हसला. आख्ख्या वस्तीला ऐकू गेलं.

भुवनेश्वरी हसली न्हाय. डब्याचं झाकण उघडून बघितलं. बर्फाचं पाणी व्हायला लागलं व्हतं. ओठ घट्ट दाबला तिनं... मला बघवंना.

"ताई, उद्या ठेवू या?"

"बर्फ थांबतोय का उद्यापर्यंत?"

अन् एकदम ओढणी कमरेला खोचली. डबा डोक्यावर घेतला.

"मावशी, चला माळावर! जिची शेळी तिनं धरायची."

"ह्या साडीवर?" नागूबाई म्हणली.

"फोटू झकास येतोय बघा."

नागूबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं. मग पदर खोचला. "उठा गं!"

काय वरात निघाली! जरीच्या साड्या, गजरे, चिखल. वर भुरभुर. डब्यावर पाणी पडू नये म्हणून मी अन् महांतप्पानं बॅनरच धरला दोन टोकांनी. आयुष्यात पहिल्यांदा बॅनर कामाला आला.

माळावर राखणारे गडी बघतच राहिले. बायका शेळ्या धरायल्या, भुवनेश्वरी टोचायली. पटापट. हात कसा तो, शेळीला कळायच्या आत सुई बाहेर. टोचलेली परत टोचू नये म्हणून खूण पाहिजे व्हती, तर बायकांनी संगं आणलेल्या स्वागताच्या ताटातलं कुंकू लावत गेली. काळ्याभोर शेळ्या, कपाळाला लाल टिळा!

शेवटी राहिला नागूबाईचा बोकड. त्यानं हिसडा दिला अन् सुटला सरळ डब्याकडं. भुवनेश्वरी ओरडली —

"अहो! धरा की!"

मी झेप टाकली. शिंगं हातात, तोंड चिखलात. धरला!

नागूबाईनं कमरेवर हात ठेवला.

"काय गं, अहो कुणाला?"

"ते... दादांना म्हणलं."

"दादाला अहो? असं चालतंय व्हय तुमच्या संस्थेत?"

बायका हसून हसून खाली बसल्या. भुवनेश्वरी बोकडाच्या मागं तोंड लपवायली.

दिवस कलला तशा शेळ्या माळ उतरायल्या. टिळे लावून, घंट्या वाजवत, पुढं नागूबाई. तिनं मंजुषाताईंना फोन लावला... भुवनेश्वरीनं, नागूबाईनं न्हाय. "ताई, एक बी राहिली न्हाय!" पलीकडून आवाज आला, "मग पुढचं गाव कधी घेताय?" फोन ठेवला अन् रडली. मग हसली. दोन्ही एकदमच.

मी चिखलातलं तोंड घेऊन तसाच उभा.

"एक राहिला की," म्हणलं. "सगळ्यांना कुंकू लागलं. मीच राहिलो."

तिनं ताटात अंगठा बुडवला. जवळ आली... पावसाचा अन् शेळ्यांचा मिळून वास.

"एकदा खूण केली की परत कुणाला हात लावू द्यायचा न्हाय. कबूल?"

"कबूल. पण दादा म्हणायचं न्हाय."

"बरं," म्हणली. अन् हळूच, माझ्यापुरतंच... "अहो."

आता महांतप्पा, तुझं. तुझा मांडव त्या दिवशी रिकामा राहिला, मान्य. शब्द देतो गड्या, तोच मांडव त्याच वस्तीवर गच्च भरून दाखवतो. आमच्या लग्नाला. मुहूर्त अकराचा धरणार न्हाय, गोरज धरतो. शेळ्या घरी आल्या की मगच अक्षता.