दोन पट्ट्या खाली

माणसाचा आवाज ही त्याच्या आत्म्याची खूण असते. कोतोहा मुराईच्या आत्म्याची खूण मात्र गेली दोन वर्षं कुणाच्या कानावर पडलेली नव्हती, कारण वर्गाच्या समूहगानात ती नुसते ओठ हलवत असे.

याची सुरुवात अत्यंत सभ्यपणे झाली होती. जपानमधल्या ताकाओकाच्या त्या शाळेत दर ऑक्टोबरात वर्गावर्गांची समूहगान स्पर्धा होते. पहिल्या वर्षी खालच्या स्वरातल्या मुलींची म्होरकी शिहो ओगाकी हिने कोतोहाला बाजूला घेऊन, दोनदा माफी मागून, जरा हळू गायला जमेल का असं विचारलं. कोतोहाने जमवलं. इतकं जमवलं की आवाजच उरला नाही. वर्गाला रौप्यपदक मिळालं, आणि फळ्याशेजारच्या प्रशस्तिपत्रकावर चौतीस नावांत तिचंही नाव आलं. तेव्हापासून त्या कागदाकडे पाहिलं की तिला फुकट जेवून आल्यासारखं वाटायचं.

आता शाळेचं तिसरं आणि शेवटचं वर्ष. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग कराओकेला जाणार आणि प्रत्येकाने एक गाणं म्हणायचं, असा रिवाज होता. याआधी दोन्ही वर्षं कोतोहाला ऐन त्या दिवशी ताप आला होता. या वर्षी ताप येणार नाही, असं तिने ठरवलं.

तिने एक वही केली. तीत सोप्या गाण्यांच्या अटी लिहिल्या: एकदम वर उडी नको. इंग्रजी ओळ नको. शेवटी ताणायचा सूर नको. चार मिनिटांच्या आत संपावं, आणि आजोबांनाही माहीत असावं, म्हणजे चुकलं तरी लोक आपलं आपण दुरुस्त करून ऐकतात. या सगळ्या चाळण्यांतून शेवटी एकच गाणं खाली पडलं – नदीपलीकडे राहणाऱ्या मुलीला होडीवाला रोज हात करतो, एवढंच त्यात घडतं.

मग दर बुधवारी शाळा सुटल्यावर ‘कामोमे’ नावाच्या कराओकेत छोटी खोली घेऊन एकटीने सराव. दुसऱ्या बुधवारी ती सरबताच्या यंत्रापाशी हिरवा मेलन सोडा भरत होती, तेवढ्यात सहा नंबरचं दार उघडलं आणि रिकामा पेला घेऊन तेप्पेई नागासे बाहेर आला. वर्गाचा संगीत-संचालक. समोर उभा राहून हात हलवणारा, ज्याच्या बोटांकडे पाहून बाकी सगळे श्वास घेत.

दोघेही जागच्या जागी थिजले. सोडा पेल्याबाहेर वाहू लागला.

“मुराईसान… बटण सोड,” तो म्हणाला.

तिने सोडलं.

“एकटाच?” तिने विचारलं.

“तूही एकटीच आहेस.”

“मी इथे नाहीच आहे.”

“मग मीही नाही.” त्याने पेला यंत्राखाली धरला. “पण जी इथे नाही, ती पाच नंबरात होडीवाल्याचं गाणं म्हणत होती. भिंत पातळ आहे.”

“किती पातळ?”

“…दुसऱ्या कडव्याइतकी.”

दुसऱ्या कडव्यातच ती दर वेळी पडायची. तिने पेल्यातल्या बुडबुड्यांकडे पाहिलं. तोंड लपवावं एवढा मोठा तो पेला नव्हता.

मग त्यानेही आपलं गुपित सांगून टाकलं. त्याला गाता येत नव्हतं. संचालक तो झाला तो एवढ्याचसाठी, की हात हलवणाऱ्याला गावं लागत नाही. वर्गाच्या कराओकेत लोक त्याच्याकडून मोठ्या गाण्याची अपेक्षा करणार, आणि त्याचं पितळ उघडं पडणार. कोतोहाला हसू आलं. तीन वर्षं ती ज्याच्यासमोर न गाता उभी होती, तोही न गाताच उभा होता.

“मला माहीत होतं,” तो हळूच म्हणाला. “तू ओठ हलवतेस ते. समोरून सगळं दिसतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू श्वास मात्र बरोब्बर घ्यायचीस.” त्याचे कान लाल झाले. “मी… तिकडेच बघत असायचो.”

खोलीत परतल्यावर तिने वहीत अटींच्या खाली लिहिलं: श्वास बरोब्बर.

उरलेले बुधवार पाच नंबरातच गेले. त्याने तिचं गाणं दोन पट्ट्या खाली उतरवलं. यंत्रावर त्यासाठी बटण असतं, आणि ते दाबणं लाजिरवाणं नाही, हे तिला त्याच्याकडून कळलं. दुसऱ्या कडव्याआधी तो करंगळी उचलायचा, की तिने श्वास घ्यायचा. पुढे पुढे तो नुसता तिच्याकडे पाहायचा, आणि तिचा श्वास अडायचा. म्हणून पुन्हा करंगळीवर यावं लागलं.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ‘कामोमे’तल्या मोठ्या चार नंबरच्या खोलीत सगळा वर्ग दाटीवाटीने बसला. तळलेल्या बटाट्याचा वास, डफलीचा खुळखुळाट. नागासे तिसरा होता. त्याने मोठं गाणं घेतलं, वाईट म्हटलं, आणि सगळ्यांना तो विनोद वाटला. कोतोहाचा नंबर आठवा होता. सातवी शिहो ओगाकी उठली, आणि पडद्यावर नदी आली. होडी आली.

शिहोने ते गाणं मूळ पट्टीत असं म्हटलं की मागची मुलं बटाटे खायची थांबली. यंत्राने चौऱ्याण्णव गुण दिले.

एकदा म्हटलेलं गाणं त्याच बैठकीत पुन्हा कुणी म्हणत नाही. कोतोहाचं नाव पडद्यावर आलं, खाली तेच गाणं, आणि सगळे शिहोकडे पाहू लागले. शिहोचा चेहरा उतरला. तिने पहिल्या वर्षीसारखीच दोनदा माफी मागितली, मला ठाऊक असतं तर, म्हणाली. कुणीतरी लगेच कोतोहाच्या हातात डफली दिली. तू ताल धर, चालेल, कुणाला काही वाटणार नाही. वाट अगदी मोकळी होती, आणि सगळ्यांनी ती प्रेमाने दाखवली होती.

कोतोहाने डफली खाली ठेवली.

“मला हेच येतं,” ती म्हणाली. “मी हेच म्हणणार.”

तिने स्वतःच दोनदा बटण दाबून पट्टी उतरवली. गुलाबी माइक उचलला. पहिली ओळ निघाली ती भरलेला पेला नेल्यासारखी, थरथरत. तेवढ्यात नागासे उठला, त्याने निळा माइक घेतला आणि तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. दुसऱ्या कडव्याआधी त्याची करंगळी वर गेली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला त्याचे ओठ हलताना दिसत होते. आपण दोघं गातोय म्हटल्यावर ती मोकळी झाली, आणि होडी एकदाची पलीकडे लागली.

गुण सदुसष्ट. टाळ्या त्याहून बऱ्याच जास्त. सगळ्यांत जोरात शिहोच्या.

बाहेर सायकलींपाशी नारिंगी फुलांच्या झाडाचा गोड वास सुटला होता. कोतोहाने कुलूप काढलं, पुन्हा लावलं.

“एक विचारू? मला तुझा आवाज ऐकूच आला नाही.”

तो अर्धी मात्रा थांबला.

“मी माइक बंद ठेवला होता. तुझ्या आवाजात माझा नको होता.”

“म्हणजे… मी एकटीच गायले?”

“एकटीच.”

“आणि तू नुसते ओठ हलवलेस.”

“तीन वर्षं बघतोय ना. शिकलो.”

आज एक अवघड गोष्ट झालीच होती, आता दुसरीही उरकून टाकावी, असं तिने ठरवलं.

“नागासेकुन, मला तू आवडतोस. आणि हे मी पट्टी न उतरवता सांगतेय.”

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण सूर लागेना. शेवटी त्याने करंगळी वर केली. तिने श्वास घेतला.

“मलाही,” तो म्हणाला. “पहिल्या वर्षापासून.”

पुढच्या बुधवारी दोघं मिळून ‘कामोमे’त गेली. काउंटरवरच्या काकू कुठल्याशा फोनवर होत्या. त्यांच्यासमोर एक निळा माइक पडला होता, आणि त्याला चिठ्ठी चिकटवलेली होती. कोतोहाने ती वाचली. नागासेनेही वाचली, आणि तो सरबताच्या यंत्राकडे फार लक्षपूर्वक बघू लागला.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: खोली चार, बॅटरी संपलेली, शनिवार सकाळपासून बंद.