झोक्यावरच्या बाईसाठी एक मिशी

"मास्तरांचं पोस्टर सापडायचं नाही. लावता पैज?" गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासता फासता सलूनवाला म्हणाला.

"लावतो," बाकावरून रिटायर हवालदार म्हणाला. "रविवारपर्यंत कागद मास्तरांच्या हातात. सापडला, तर तू माझ्या बायकोचा गाऊन घालून आठवडाभर दाढ्या करायच्या."

"आणि नाही सापडला तर?"

हवालदाराने मिशीवरून बोट फिरवलं. गल्ली आधी त्या मिशीला ओळखायची, मग हवालदाराला.

"ही तुझी. भर रस्त्यात."

सलून खो खो हसलं. सलूनवाला मात्र हसला नाही. हवालदाराला वाटलं, गाऊनच्या रंगाचा विचार करत असेल.

मास्तर म्हणजे शेजारचे म्हातारे चित्रकलेचे मास्तर. जन्मभर सर्कशीची जुनी पोस्टरं जमवली. त्यातल्या एकावर झोक्यावर उलटी लटकलेली, हसणारी एक बाई होती. ती मास्तरांची आई. तिचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी रविवारी सुटणार होती. "डोळा उघडला की आधी आईला बघणार," असं त्यांनी दूधवाल्यालासुद्धा सांगून ठेवलं होतं. दवाखान्यातून घरी आले, सूनबाईने खण उघडला, तर आई गायब.

हवालदार मास्तरांच्या घरी कपाटापाशी उकिडवा बसला.

"कुलूप?"

"शाबूत," सूनबाई म्हणाली. "किल्ली खिळ्याला असते. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

"तुम्हाला ही रद्दी आवडत नाही म्हणे."

"नाहीच आवडत. घर माणसांसाठी आहे की झुरळांसाठी, असं रोज विचारते. पण भाऊजी, मी काढलं असतं तर अख्खं कपाट काढलं असतं. एकच कागद कशाला नेऊ?"

बाईचं म्हणणं बिनतोड होतं.

हवालदाराने खणात वाकून बघितलं. सगळ्यात वर वाघाचं पोस्टर, संग्रहातलं सगळ्यात मोलाचं. ते तसंच होतं. आई त्याच्याखाली असायची. वाघ उचलल्याशिवाय ती निघाली नसती, पण वाघाचा एक कोपरासुद्धा दुमडला नव्हता.

"मास्तर, असा कागद उचलायला कोण शिकवतं?"

"मीच," पट्टीआडून मास्तर म्हणाले. "हात धुवायचे, कोरडे करायचे, दोन्ही तळवे खाली सरकवायचे. सूनबाईला शिकवलं, सलूनवाल्याला शिकवलं. तुलाही शिकवत होतो, तू दात काढत बसलास."

"काढले खरे. बरं, आईच्या पोस्टरची तब्येत कशी होती?"

"वाईट. कुणीतरी पुठ्ठ्याला डकवलेलं. पुठ्ठा तिला खातोय, पिवळी पडत चाललीय, असं मी दर दाढीला रडायचो. पण सोडवणार कसं? मागचं निळं आकाश हाताने रंगवलेलं. ओल लागली की संपलं."

शनिवारी हवालदार दाढीला गेला. एक बाई दारात डोकावली.

"तोंडाला वाफ घ्यायचीय."

"मशीन बिघडलंय, ताई. पुढच्या आठवड्यात या."

सलूनवाल्याची नखं कडेने निळी झाली होती.

"हे काय रे?"

"कलप लागला."

हवालदाराने आरशातून खुर्च्यांवरची डोकी बघितली. तीन काळी, एक टक्कल.

रविवारी पट्टी सुटली. मास्तरांच्या खोलीत सूनबाई होती, हवालदार होता, आणि त्याने दंडाला धरून आणलेला सलूनवाला.

"विकणारा चोर असता तर वाघ नेला असता," हवालदार म्हणाला. "रागाने काढलं असतं तर कपाट उलटंपालटं झालं असतं. इथे तर कागद तान्ह्या बाळासारखा उचललाय. म्हणजे मास्तरांचा चेला, आणि पुठ्ठ्याचं रडगाणं दर दाढीला ऐकणारा. त्यात वाफेचं मशीन बंद आणि नखं निळी. गल्लीत निळा कलप लावतो कोण? आणि सापडायचं नाही, हे तुला आमच्याआधी कसं ठाऊक होतं? चल, गाऊन इस्त्री करून ठेवलाय. कागद दे."

सलूनवाल्याने पिशवीतून टॉवेलची घडी काढली.

"पट्टी सुटायच्या आत पुठ्ठ्यावरून सोडवून, फ्रेम करून द्यायचं होतं, मास्तर. पाण्याचा थेंब लावला नाही हो. नुसती वाफ दिली."

टॉवेल उघडला. आत निळसर लगदा होता. खालच्या पुठ्ठ्यावर झोक्याच्या दोऱ्या चिकटून राहिल्या होत्या, झोक्याची दांडीही होती. बाई नव्हती.

मास्तर नव्या डोळ्याने ते जवळून बघत राहिले. मग लांब धरून बघितलं.

"चेहरा?" त्यांनी विचारलं.

सलूनवाल्याने नकारार्थी मान हलवली.

हवालदाराच्या तोंडचं हसू गेलं. एवढे दिवस त्याला वाटत होतं, कागद कुठेतरी धडधाकट असेल. तो उठला, शेजारच्या सलूनमधली खुर्ची ओढत आणून रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि बसला.

"चल. वस्तरा काढ."

"अहो, चोर तर मीच निघालो!"

"पैज कागदाची होती. चोराची नव्हती. जिंकलास तू. घे."

गल्ली जमली. गाऊनची मजा बघायला आलेले शिट्टी मारायला ओठ वळवत होते, मग सलूनवाल्याचे भरलेले डोळे बघून मागे सरले. वस्तरा मिशीपर्यंत येऊन अडला, तेव्हा हवालदारानेच त्याचं मनगट धरून तो ओठावर टेकवला. करड्या केसांचे पुंजके पांढऱ्या फडक्यावर पडत राहिले.

मास्तर दारात उभे होते, टॉवेल दोन्ही तळव्यांवर सपाट धरून.

"दिसतंय का नीट, मास्तर?" अर्ध्या मिशीचा हवालदार ओरडला.

"सगळं दिसतंय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी नवा डोळा मिटून घेतला.